नेमलेल्या माणसानं तोंड उघडायचं नाही

पालिकेच्या अधिकारी बाई दुपारी येणार होत्या, म्हणून ताई सकाळीच भावाच्या घरी येऊन बसल्या. ठरल्या वेळेला गेलं की माणसं घर आवरून आणि चेहरे सावरून बसलेली असतात. ताईंना न आवरलेलं घर बघायचं होतं.

दार प्रॉम्प्टरनं उघडलं. गेली चाळीस वर्षं या घराचं दार तोच उघडत आला होता, आणि दर वेळी असा बाजूला व्हायचा की वाटावं, दार आपोआपच उघडलं.

"या ताई. लवकर आलात."

"का, अडचण झाली?"

"छे, अडचण कसली."

म्हणजे झाली होती. बैठकीत सगळं जागच्या जागी होतं. भिंतीवर राजाचा तो पांढऱ्या कोटातला फोटो पुसलेला होता, त्याच्या खाली खिळ्याला मालिकेतला खोटा स्टेथोस्कोप लटकत होता. खिडकीतल्या कुंड्यांना पाणी घालून झालं होतं. पहाटेपासून आवरत बसायला या माणसाला काय झाकायचं होतं, असं ताईंच्या मनात आलं. पसारा दिसला असता तर त्यातूनही त्यांनी काहीतरी काढलंच असतं, पण हे त्यांना कुणी सांगायचं!

"राजा कुठाय?"

"दाढी करतोय. हाक मारू?"

"नको. मी बसते. तुमचं चालू द्या."

तो स्वयंपाकघरात गेला आणि त्याच्या जागेवर बसला. स्वयंपाकघर आणि बैठक यांच्यामधल्या भिंतीत ताट सरकवण्यापुरती एक खिडकी होती. तिच्यापलीकडे एक उंच स्टूल होतं. पाहुणे आले की प्रॉम्प्टर त्या स्टुलावर बसून बटाटे सोलायचा, नाहीतर बटणं शिवायचा, आणि बैठकीतला शब्दन् शब्द ऐकायचा. नाटकात नट अडला की शब्द पुरवायला त्याची जागा विंगेत होती, घरात ही. ताईंना ती खिडकी कधीच आवडली नव्हती.

त्यांच्या मनात पाल चुकचुकली ती वाढदिवसाच्या फोनपासून. राजा फोनवर बोलायला लागला की त्याची गाडी कुठल्या कुठे जायची. या वेळी मात्र तो पाठ केल्यासारखं नीट बोलला, भाच्यांची चौकशी केली, ताईंच्या डोळ्याचं विचारलं. आणि प्रत्येक वाक्याआधी मागे कुठेतरी नळ गळाल्यासारखी कुजबुज. ताईंनी फोन ठेवला आणि तडक राजाच्या पुतण्याला लावला.

"ताई आली का रे? पिशवी आपटल्याचा आवाज तिचाच!" राजा बाहेर आला. दाढी गुळगुळीत, सदऱ्याला इस्त्री, एका कानाखाली तेवढा साबण राहिलेला. अजूनही खोलीत आला की खोली त्याची व्हायची. ताईंना त्याचा अभिमान वाटला, आणि तेवढ्यात त्याची नजर खिडकीकडे गेलेली त्यांनी पाहिली.

मग त्यांनी ठरवून आलेला प्रश्न विचारला. प्रश्न असा हवा होता की ज्याचं उत्तर त्या स्टुलावरच्या माणसाला ठाऊक नसेल.

"राजा, तुझी ती निळी सायकल आठवते? उतारावरून पडलास ती?"

राजानं खिडकीकडे पाहिलं. पलीकडे बटाट्यावरची सुरी थांबली होती. कुजबुज आली नाही. येणार कुठून?

"न आठवायला काय झालं!" राजा एकदम खुलला. "हा गुडघा अजून तिच्या नावानं बोटं मोडतो."

"आणि बाबांनी काय केलं?"

"बाबांनी? आधी सायकल उचलली, मग मला."

ताई खळखळून हसल्या. बाबा अगदी तसेच होते. हसता हसता त्या थबकल्या, कारण त्यांच्या घरात सायकल कधी नव्हतीच, निळी नाही की कुठल्याच रंगाची नाही.

*

चष्मेवाला पुतण्या आणि त्याची धाकटी बहीण जिन्यातच भांडत आले. तसे ते लहानपणापासून जिन्यातच भांडायचे, कारण वडील घरात भांडू देत नसत. वडील गेले, जिना बदलला, सवय राहिली.

"मी तुला एकट्याला सांगितलं होतं," धाकटी म्हणाली. ती बस आगारात नव्या ड्रायव्हरांना शिकवायची, त्यामुळे तिचा हळू आवाजही दोन मजले जायचा. "आत्याला कशाला सांगितलंस?"

"आत्याला नको सांगू? काका हरवले होते!"

"हरवले नव्हते. सापडले होते."

सापडले होते ते जुन्या नाट्यगृहात. नाट्यगृह कसलं, आता तिथं फर्निचरचं दुकान होतं. नटकाका, म्हणजे ताईंचा राजा, एका विक्रीच्या सोफ्यावर ताठ बसले होते आणि तिसरी घंटा का होत नाही म्हणून दुकानदाराला झापत होते. दुकानदारानं घरी फोन केला, प्रॉम्प्टर जाऊन घेऊन आले. रस्त्यावरून जाणाऱ्या एका ड्रायव्हरनं दोघांना पाहिलं, म्हणून धाकटीला कळलं. प्रॉम्प्टर स्वतःहून कुणालाही बोलले नाहीत, आणि चष्मेवाल्याला खुपत होतं ते हेच.

"आज हे लपवलं, उद्या आणखी काय लपवतील? तू मघाशी म्हणालीस, काकांचं घर हवंय म्हणून मी हे करतोय."

"म्हणाले नाही. विचारलं."

"मला घर नकोय! मला एक दिवस फोन येईल आणि पलीकडून कोणीतरी अनोळखी माणूस बोलेल, त्याची भीती वाटते. टेकडीवरची ती संस्था मी बघून आलोय. बाग आहे, नर्स आहेत, दाराला पहारा आहे."

"आणि कुजबुजेकाका?"

कुजबुजे हे नाव नटकाकांनी ठेवलेलं. प्रॉम्प्टर, म्हणून कुजबुजे. धाकटीनं लहानपणी त्याला काका जोडला होता. चष्मेवाल्यानं काहीच जोडलं नव्हतं. तो त्यांना नुसतं 'अहो' म्हणायचा.

"तिथं फक्त रक्ताची माणसं भेटू शकतात," तो म्हणाला. "नियम आहे त्यांचा."

धाकटी जिन्यातच थांबली. "हा नियम मोडायला काकांनी अर्धं आयुष्य घालवलं, माहितीये ना तुला?"

माहीत होतं. या घराण्यात ते कुणाला माहीत नव्हतं! अकरा वर्षं नटकाका टीव्हीवरच्या मालिकेतले फॅमिली डॉक्टर होते. रस्त्यात बायका त्यांना थांबवून सांधेदुखी सांगायच्या आणि ते गंभीरपणे ऐकून घ्यायचे. मग एका पुरस्काराच्या समारंभात, हजारभर माणसांसमोर, त्यांनी माइक हातात घेऊन सांगितलं की मला पुरुष आवडतात आणि हे मी आता लपवणार नाही. पुढच्याच आठवड्यात मालिकेतले डॉक्टर जास्तीच्या शिक्षणासाठी परदेशी गेले, ते आजवर आलेले नाहीत. घरात मोठ्या भावानं, म्हणजे या दोघांच्या वडिलांनी, दार लावून घेतलं.

मग नटकाकांनी मोर्चे काढले. पुढे ते, अंगात तो पांढरा कोट. प्रॉम्प्टर मोर्चात कधी नसत; फुटपाथवरून समांतर चालत, पाण्याची बाटली घेऊन, वाटेत सहज सोबत झालेल्या माणसासारखे. त्यांचा रंगभूषाकार इस्पितळात मरत असताना त्याच्या जोडीदाराला आत सोडलं नाही, तेव्हा नटकाका निवडणुकीला उभे राहिले आणि सांधेदुखीवाल्या बायकांच्या मतांवर नगरसेवक झाले. बस-थांब्यांना छप्परं आणली, वाचनालय रविवारी उघडं ठेवायला लावलं, आणि तिसऱ्या वर्षी तो ठराव मंजूर करून घेतला: कोणीही सज्ञान माणूस आपल्या पश्चात नव्हे, आपल्या हयातीत, आपल्या वतीनं निर्णय घ्यायला हव्या त्या माणसाला नेमू शकेल. रक्ताचं नातं असो वा नसो.

त्या ठरावासाठी त्यांनी एक तडजोड केली होती. विरोधक म्हणाले, उद्या कुणीही येऊन म्हाताऱ्यांना भुलवेल. तेव्हा नटकाका सभागृहात उभे राहिले आणि म्हणाले, "मग घरच्यांना समोर बसवा! अधिकाऱ्यानं प्रश्न विचारावेत. नेमलेल्या माणसानं खोलीत बसावं, पण तोंड उघडू नये. उघडलं, तर घरातल्या थोरल्या माणसानं हरकत घ्यावी, नेमणूक रद्द. आम्हाला कसली भीती?" टाळ्यांचा कडकडाट झाला होता.

आज ते प्रॉम्प्टरना नेमणार होते, आणि टाळ्या घेतलेली ती अट त्यांच्याच बैठकीत येऊन बसणार होती.

*

सगळे जेवायला बसले. ताईंनी भाताचा घास हातात धरून विचारलं, "फर्निचरच्या दुकानात सोफे चांगले मिळतात म्हणे?"

प्रॉम्प्टरच्या हातातला पळा थबकला. त्यानं धाकटीकडे पाहिलं. तिनं ताटाकडे पाहिलं. म्हणजे हिनं सांगितलं, त्याला कळलं. राजाच्या नातेवाइकांत त्याचं म्हणावं असं एवढं एकच माणूस होतं, आणि तेही ताटात बघत होतं.

"मी सांगणार होतो," तो म्हणाला.

"कधी?" चष्मेवाला म्हणाला. "अहो, ते रस्ता ओलांडून गेले होते. भर रहदारीत. तुम्ही कुठे होतात?"

"झोपलो होतो. दुपारी डोळा लागला."

"आणि फोनवर त्यांच्या मागे कोण बोलतं?" ताईंनी आता सगळंच बाहेर काढलं. "तुम्ही शब्द भरता त्याच्या तोंडात. आज त्या बाईंसमोर तुमचीच वाक्यं म्हणणार आहे तो. होय ना?"

"मी शब्द देतो," प्रॉम्प्टर म्हणाला. "अडला तर. वाक्यं त्याचीच असतात."

"हे तुम्ही म्हणता!"

नटकाका शांतपणे जेवत होते. ते मध्येच म्हणाले, "ताई, तू किती छान बोलतेस. तुझी एंट्री नेहमी जोरात असते." मग त्यांनी मान वर केली आणि भाताच्या भांड्याकडे बोट दाखवून काहीतरी मागायला तोंड उघडलं. शब्द आला नाही. बोट तसंच राहिलं. प्रॉम्प्टरचे ओठ हलले, आवाज जेमतेम टेबल ओलांडेल एवढा.

"मीठ," नटकाका म्हणाले.

धाकटीनं हे पाहिलं. मीठ भाताच्या भांड्याशेजारी होतं आणि दह्याचं भांडंही तिथंच होतं. नटकाका कधी वरून मीठ घेत नसत. तिनं मीठ पुढे केलं. त्यांनी ते घेतलं, भातावर टाकलं आणि खाल्लं. 

"अहो," ती प्रॉम्प्टरना म्हणाली, "काकांना दही हवं होतं."

'अहो' ऐकून प्रॉम्प्टर तिच्याकडे बघतच राहिला. ताईंनी दह्याचं भांडं भावासमोर सरकवलं.

*

अधिकारी बाई तरुण होत्या. त्यांनी पाणी घेतलं, चहा नको म्हणाल्या, भिंतीवरचा पांढऱ्या कोटातला फोटो पाहिला आणि विचारलं, "तुम्ही डॉक्टर होता का?"

नटकाकांचा चेहरा पडला. "तुम्ही मालिका बघत नव्हता?"

"आमच्याकडे टीव्ही नव्हता."

"अरेरे," नटकाका मनापासून म्हणाले.

चष्मेवाल्यानं बाईंना विनंती केली की ती भिंतीतली खिडकी लावून घ्यावी आणि 'यांना' काकांच्या मागे, दाराजवळ बसवावं, म्हणजे काकांना ते दिसणार नाहीत. चष्म्याच्या दुकानात जन्मभर त्यानं माणसांच्या डोळ्यांसमोर भिंगं धरली होती. कोणाचे डोळे कुठे जातात ते त्याला चटकन कळायचं. सकाळपासून काकांचे डोळे एकाच दिशेला जात होते. बाई बरं म्हणाल्या. प्रॉम्प्टर दाराजवळच्या खुर्चीत गुडघ्यांवर हात ठेवून बसले. चष्मेवाला त्यांच्या शेजारीच खुर्ची ओढून बसला, लक्ष ठेवायला.

बाईंनी नियम वाचून दाखवला. नेमलेल्या व्यक्तीनं बोलायचं नाही, खुणा करायच्या नाहीत.

"फार कडक आहे हो," नटकाका म्हणाले. "कुणी केला हा?"

"तुम्हीच, साहेब."

"मग चांगलाच असणार."

ही थट्टा होती की ते खरंच विसरले होते? चष्मेवाल्यानं आत्याकडे पाहिलं. आत्या त्याच्याकडेच बघत होत्या.

आज वार कोणता, बाईंनी विचारलं.

"शनिवार. ताई आली आहे आणि सगळे शहाण्यासारखे वागताहेत, म्हणजे प्रकरण गंभीर आहे."

घर कितव्या मजल्यावर?

"दुसऱ्या."

घर तिसऱ्यावर होतं. बाईंनी काही लिहिलं. वय विचारलं तर म्हणाले, नटाला वय विचारत नाहीत. बाईंनी पुन्हा विचारलं तर दहा वर्षं कमी सांगितलं. ते मुद्दाम की चुकून, हेही कळायला मार्ग नव्हता.

"आज या नेमणुकीनं काय ठरणार आहे, सांगू शकाल?"

"सांगतो की. माझं मन माझ्या ताब्यात राहिलं नाही, की माझ्या वतीनं कोण बोलणार ते. मी कुठे राहायचं, मला काय औषध द्यायचं, मला कुणी भेटायचं. आणि तो दिवस काही लांब नाही, बाई. मला दिसतोय तो येताना. म्हणून तर तुम्हाला लवकर बोलावलं."

 धाकटीनं डोळे पुसले. चष्मेवाल्याला पहिल्यांदाच वाटलं की आपण इथं नसतो तर बरं झालं असतं.

"मग शेवटचा प्रश्न," बाई म्हणाल्या. "तुम्ही ज्यांना नेमताय, ते तुमचे कोण?"

नटकाका बोलायला म्हणून पुढे झुकले, आणि थांबले.

*

थांबण्याचे दोन प्रकार असतात, आणि ते प्रॉम्प्टरइतके कुणाला माहीत नव्हते. नट वाक्य विसरला की त्याचा श्वास वर छातीत अडकतो. नट मुद्दाम थांबला असेल तर श्वास खाली पोटात उतरतो. पहिल्यात शब्द द्यायचा, दुसऱ्यात जीव गेला तरी द्यायचा नाही. चांगल्या जागेवर घेतलेला विराम प्रॉम्प्टरनं मोडला, तर नट त्याला जन्मात क्षमा करत नाही. इतक्या वर्षांत त्याच्या हातून ती चूक एकदाही झाली नव्हती, कारण विंगेतून त्याला राजाची छाती दिसायची. आता दिसत होती फक्त पाठ.

पाठ हलेना.

विसरला, त्याला वाटलं. मला विसरला. मजला विसरला, वय विसरला, दुपारी दही विसरला, आता मी. बोलू नये, हे त्याला माहीत होतं. बोललं की टेकडीवरची ती बाग, पहारा, आणि आपण फाटकाबाहेर, पाण्याची बाटली घेऊन. हे सगळं कळत होतं. पण राजा भर प्रयोगात उघडा पडलाय आणि आपण गप्प बसलोय, हे त्याच्या अंगाला माहीतच नव्हतं. त्याचे ओठ त्याच्या आधी हलले.

त्यानं तोच शब्द दिला, जो त्यांनी तरुणपणी घरमालकांसाठी, लॉजच्या व्यवस्थापकांसाठी, इस्पितळाच्या खिडक्यांसाठी ठरवून ठेवला होता.

"मित्र."

कुजबुजच होती, पण खोली इतकी गप्प होती की ती सगळ्यांना ऐकू गेली.

"बोलले!" चष्मेवाला उठून उभा राहिला. "बाई, ऐकलंत ना तुम्ही? शब्द दिला त्यांनी!"

प्रॉम्प्टरनं तोंडावर हात ठेवला. आता ठेवून काय उपयोग! धाकटी "अहो…" एवढंच म्हणाली. बाईंनी पेन खाली ठेवलं.

नटकाकांनी हात वर केला. सभागृहात गोंधळ झाला की करायचे तसा. मग दोन्ही हातांनी खुर्ची पकडून ते उठले, खुर्ची घासत उलटी फिरवली, आणि बाईंकडे पाठ करून प्रॉम्प्टरसमोर बसले.

"कुजबुजे," ते म्हणाले, "मी थांबलो होतो रे. अडलो नव्हतो."

"मला पाठ दिसत होती नुसती," प्रॉम्प्टर म्हणाला. 

"आणि दिलास तो शब्दही चुकीचा. आयुष्यभर तू दिलास म्हणून घेतला मी हा शब्द. मोर्चात मी माझं सगळं सांगायचो, आणि तुझ्यावर आलं की म्हणायचो, एक माणूस आहे. का? तर तू म्हणायचास, मला पुढे आणू नकोस, माझी जागा विंगेत आहे. ऐकलं तुझं. आज नाही ऐकणार." त्यांनी मान न वळवता आवाज चढवला. "लिहा हो बाई. मित्र नाही. नवरा आहे हा माझा."

*

"भावना मला समजतात," बाई म्हणाल्या, "पण नियम मोडला गेलाय. घरातल्या थोरल्या व्यक्तीला हरकत घेण्याचा अधिकार आहे."

सगळे ताईंकडे बघायला लागले. चष्मेवाला आशेनं, धाकटी भीतीनं. प्रॉम्प्टर बघत नव्हता. आपलं जे व्हायचं ते झालंय अशा आविर्भावात तो बसला होता.

ताईंना संशय घ्यायची सवय होती. विश्वास ठेवायची नव्हती. त्यांनी सावकाश विचारलं, "राजा, तुझी निळी सायकल कुठे गेली रे?"

"आपल्याकडे सायकल कुठे होती?" पाठमोरा राजा म्हणाला. "बाबा घेऊन देणार होते थोडेच!"

"मग सकाळी हो हो काय म्हणत होतास?"

"तू इतकं रंगवून सांगत होतीस. समोरच्यानं वाक्य टाकलं की ते पाडायचं नसतं, ताई. झेलायचं आणि पुढे न्यायचं. आम्हाला पहिल्या दिवशी हेच शिकवतात."

त्याला हे सकाळीच माहीत होतं, की आत्ता सुचलं, ते ताईंना कळलं नाही. कधी कळणारही नव्हतं. पण त्यांच्या मनात दुसरीच गोष्ट आली होती. खोटी सायकल दिली तर यानं घेतली. मीठ दिलं तर खाल्लं. मोठ्या भावानं दार लावलं तर तेही निमूट घेतलं. जो जे देईल ते झेलत आलेला माणूस हा, आणि आज एकच गोष्ट त्यानं परत केली, तीही ज्याच्या हातून आजवर सगळं घेतलं त्याच्याच हातात. असं परतवायला शुद्ध लागते. त्यांना दार लावणाऱ्या मोठ्या भावाचा राग आला, स्वतःचा आला, आणि या सगळ्यात त्या दुसऱ्या म्हाताऱ्याला आपण कधी बस म्हटलं नाही, हेही आठवलं.

"माझी हरकत नाही," त्या म्हणाल्या.

"आत्या!"

"तुला विचारलं नाहीये. थोरली मी आहे." मग त्या बाईंकडे वळल्या. "पण दुपारी झोपायचं असेल तर दाराला वरची कडी लावायची, एवढं यांना सांगा. आणि पुन्हा काही झालं तर पहिला फोन मला. लपवालपवी मी खपवून घेणार नाही."

बाईंनी मान हलवली आणि पेन उचललं. "आता मात्र तुम्हाला बोलावं लागेल," त्या प्रॉम्प्टरना म्हणाल्या. "ही नेमणूक तुम्ही स्वीकारता का, आणि तुम्ही यांचे कोण, हे तुमच्या तोंडून यायला हवं. मोठ्यानं सांगा."

"स्वीकारतो," प्रॉम्प्टर म्हणाले.

आणि पुढे त्यांना बोलता येईना. जन्मभर दुसऱ्यांची वाक्यं पाठ असलेला माणूस खुर्चीत बसून तोंड उघडत होता, मिटत होता. श्वास वर छातीत अडकला होता. शेजारी बसलेल्या चष्मेवाल्याला तो दिसत होता.

आणि त्याला आणखी एक दिसलं. बाईंना दिसत होती काकांची पाठ, आत्या आणि धाकटी पलीकडे होत्या. काकांचा चेहरा या बाजूला होता. काकांचे ओठ हलले. आवाज नव्हता, नुसते ओठ. एकदा, मग पुन्हा, सावकाश, जसा लहान मुलाला शब्द शिकवतात तसा.

सरळसरळ नियमाविरुद्ध होतं हे. सांगायचं तर हीच वेळ होती. चष्मेवाल्यानं डोळ्यांवरचा चष्मा काढला आणि रुमालानं पुसायला घेतला. चष्म्याशिवाय त्याला हातभर अंतरापलीकडचं काही दिसत नसे.

"नवरा," प्रॉम्प्टर म्हणाले, आणि आवाज एवढा मोठा निघाला की ते स्वतःच दचकले.